ज्याची त्याची वीत

सकाळचा उजेड वसतिगृहाच्या त्या खोलीत एकदम आला नाही. पूर्वेच्या भिंतीला खिडकी नव्हती. छताच्या जरा खाली सिमेंटच्या जाळीची एक अरुंद पट्टी तेवढी होती. उजेड प्रथम त्या जाळीच्या भोकांत साचला, दुधाळ, अजून कोणत्याच रंगाचा नसलेला. मग तो समोरच्या भिंतीवर उतरला आणि तिथे त्या भोकांची एक फिकट, वाकडी रांग उमटली. मी खाटेवर पडून त्या रांगेकडे पाहत होतो. ती खाली सरकत आहे हे कळत होते, पण सरकताना दिसत नव्हती. तिने आधी खिळ्याला अडकवलेला कोणाचा तरी टॉवेल गाठला आणि त्याचा गुलाबी रंग हळूहळू जागा झाला. मग मच्छरदाण्यांच्या दोऱ्या उजळल्या. मग खाटेखालच्या एका बादलीच्या काठावर बारीक पांढरी रेघ आली आणि बराच वेळ तिथेच राहिली. बाहेर कोणीतरी खराट्याने आवार झाडत होते; त्या धुळीचे कण जाळीतून आत येत आणि उजेडात शिरल्यावरच दिसू लागत. त्या उजेडात विशेष असे काही नव्हते. असा उजेड रोज सगळ्यांच्याच भिंतींवर येतो. पण त्या दिवशी तो पुरता येऊ नये असे मला वाटत होते, कारण तो आला की उठावे लागणार होते, आणि उठल्यावर रेवती खोडके यांना भेटावे लागणार होते.

"जागे आहात ना, सर?" शेजारच्या मच्छरदाणीतून आवाज आला. "मघापासून पाहून राहिलो, तुम्ही त्या भिंतीकडं असे पाहता जसं काही तिच्यावर प्रश्नपत्रिका लिहिली हाय."

हे गृहस्थ आदल्या रात्री उशिराच्या गाडीने आले होते आणि दिवा न लावता झोपले होते. आता मच्छरदाणीतून प्रथम एक मोठा हात बाहेर आला, आणि त्यामागून पन्नाशीचा, भरघोस मिशांचा एक माणूस.

"देवमन इंगोले. जिल्हा वाशिम. तुम्ही?"

"विश्राम सातार्डेकर. मी मूळचा सावंतवाडीकडचा. शाळा जत तालुक्यात आहे, अगदी सीमेवर."

"बाप्पा! समुद्र सोडून तिकडं दुष्काळात?"

"नेमणूकच तिथे मिळाली," मी म्हणालो.

वाशिम हा शब्द ऐकताच मी खाटेवरून उठलो होतो. मी चादरीची घडी घालीत, शक्य तितक्या सहज स्वरात विचारले, "वाशिमच्या रेवती खोडके मॅडम आल्या आहेत का?"

"रेवती? आमच्याच केंद्रातली, शेजारच्या शाळेवरची पोरगी. आम्ही तिघं आलो ना: ती, मी अन् बाजड बाई." इंगोले सर टॉवेल खांद्यावर टाकता टाकता थांबले. "तुम्ही कसे काय ओळखता तिले?"

मी ओळखत नव्हतो, असे म्हणणे खरे झाले असते. पण ते मला तसे वाटत नव्हते.

शिक्षक म्हणून ते माझे तिसरे वर्ष होते. गावात घरोघरी कन्नड बोलत, शाळा मराठी माध्यमाची होती, आणि मला पहिल्या दिवसापासून वर्गासमोर उभे राहिले की आपण चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो आहोत असे वाटे. मुले गप्प बसत. मुख्याध्यापक कौतुकाने म्हणत, "सातार्डेकर, तुमच्या वर्गाचा आवाजच येत नाही. शिस्त पाहावी तर अशी." मला ठाऊक होते की ही शिस्त नव्हे. मुलांना माझी भाषा कळत नाही, असे मी स्वतःला सांगितले. पुढच्या वर्षी मला कन्नड बरीच येऊ लागली आणि तरीही मुले गप्पच राहिली, तेव्हा मी म्हणालो की बेदाण्याचा हंगाम आहे, मुले बेदाणे सुकवण्याच्या शेडवर राबून थकून येतात.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर मात्र मी पाठ लिहीत असे. शिक्षकांसाठी एक मुक्त पाठसंग्रह नुकताच सुरू झाला होता. आपण तयार केलेला पाठ संकेतस्थळावर ठेवायचा. कोणीही तो विनामूल्य घ्यावा, आपल्या वर्गाला जुळेल तसा बदलावा आणि बदललेला पाठ पुन्हा तिथेच ठेवावा. अट एवढीच की मूळ लेखकाचे नाव पुसायचे नाही. मी पहिला पाठ ठेवला तो तिसरीच्या मापनाचा. नाव दिले 'ज्याची त्याची वीत'. एकच वस्तू प्रत्येकाने आपापल्या वितीने मोजायची, प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते, मुले भांडतात, आणि त्या भांडणातूनच सर्वांसाठी सारखे माप हवे हे त्यांचे त्यांनाच कळते. मोजायला मी होडी घेतली होती, कारण माझ्या लहानपणी दारात होडीच होती.

काही दिवसांनी त्या पाठाखाली एक बदललेली प्रत दिसली. बदल करणाऱ्याचे नाव: रेवती खोडके, वाशिम. होडीच्या जागी बैलगाडीची साटी आली होती. पुढे आणखी एक बदल आला. त्यासोबत टीप होती: "साटीऐवजी मुलींच्या रिबिनी घेतल्या. भांडण जास्त चांगलं झालं." हे वाक्य मी किती वेळा वाचले असेल सांगता येत नाही. त्या दिवसापासून मी पाठ लिहिले ते या बाईंसाठी. प्रत्येक पाठ वाशिमला जाई आणि काहीतरी होऊन परत येई: कधी एखादे कोडे वाढलेले, कधी माझा एखादा अलंकारिक परिच्छेद निर्दयपणे कापलेला, कधी नुसतीच एखादी टीप. आणि एकदा सर्व टिपांच्या खाली एक ओळ आली: "हा पाठ लिहिणाऱ्याला पोरं ऐकू येतात."

ज्याच्या वर्गाचा आवाज येत नाही अशा माणसाला ही ओळ काय वाटली असेल, ते मी सांगू शकत नाही.

आणि आता माझ्या पिशवीत कर सहायक या पदाचा नियुक्ती आदेश होता. परीक्षा मी फार पूर्वी, घरच्यांच्या आग्रहाखातर दिली होती. सोमवारी पुण्याला हजर व्हायचे होते, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती. मी शाळेत कोणाला सांगितले नव्हते. माझे मत कोणत्याच बाजूला वळत नव्हते, म्हणून मी ते दुसऱ्या कोणावर तरी सोपवून मोकळा झालो होतो. पाठ लिहिणाऱ्या आणि वापरणाऱ्या शिक्षकांच्या या निवासी प्रशिक्षणाला रेवती खोडके येणार असे यादीत वाचले, तेव्हाच मी ठरवले की त्यांना भेटायचे आणि विचारायचे. त्या राहा म्हणाल्या तर मी शिक्षकच राहणार होतो.

"मी त्यांना पाठांवरून ओळखतो," मी इंगोले सरांना म्हणालो. "माझ्या पाठात त्यांनी बदल केले आहेत. तो रिबिनींचा बदल..."

"रिबिनी? ते तर मी केलं."

"तुम्ही?"

"हो ना जी! साटी मोजायला पोरं वर्गाबाहेर नेली, तर अर्धी पोरं गाडीवर चढून बसली. मग पोरींच्या रिबिनी सोडल्या. एकीची आई भांडायला आली होती शाळेत." ते खदाखदा हसले आणि बादली उचलून निघून गेले.

विनोदी माणूस दिसतो, असे मी मनाशी म्हणालो. दुसऱ्याचे श्रेय हसत हसत स्वतःकडे घेणारी माणसे प्रत्येक शिक्षक-खोलीत असतात.

न्याहारीला पोहे होते. मी रांगेच्या शेवटी उभा होतो, तेव्हा माझ्याच वयाची एक तरुणी ताट हातात घेऊन रांगेतल्या प्रत्येकाच्या छातीवरचे ओळखपत्र वाचीत पुढे येताना दिसली. माझ्यापाशी ती थांबली.

"सातार्डेकर सर?"

मी मान हलवली.

"मी रेवती खोडके. सर, जरा इकडं येता? दोन मिनिटं. पोहे राहू द्या, नंतर मिळतील."

मी तिच्यामागून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो. इतक्या दिवसांत मी त्यांचा एक चेहरा कल्पिला होता: थोडा वयस्क, शांत, चष्म्यातून सावकाश पाहणारा. समोरची मुलगी भरभर बोलत होती आणि सारखी मागे वळून पाहत होती.

"सर, तुमच्यापुढं हात जोडते. सगळ्यांसमोर मला तुमच्या पाठाबद्दल काही विचारू नका."

"का?"

"मी तो उघडलेलासुद्धा नाही."

मी तिच्या ओळखपत्रावरचे नाव पुन्हा वाचले. ती ते ऐकू न आल्याची खूण समजली असावी, कारण तिने पुन्हा सांगितले. "तुमचा एकही पाठ मी उघडलेला नाही, सर. खरंच. मला वेळच होत नाही. पहिली ते चौथी एकटीकडं आहे."

"पण नाव तुमचं आहे. प्रत्येक बदलाला."

"नाव माझं, हात सगळ्यांचे." ती ओशाळून हसली. "केंद्रप्रमुखांनी सांगितलं, सगळ्यांनी नोंदणी करा, नाहीतर खुलासा द्यावा लागेल. अर्ध्या लोकांच्या मोबाईलवर नोंदणीचा तो आकडाच येईना. मी सगळ्यात लहान, मीच धावपळ करायची. मग एक माझ्या नावाचं खातं उघडलं आणि पासवर्ड सगळ्या केंद्राला देऊन टाकला. बाजड बाईंच्या म्हशीचं नाव आहे पासवर्ड. आता ज्याला वाटेल तो उघडतो, काय काय लिहितो. माझ्या नावावर इतकी प्रमाणपत्रं झाली आहेत की घरचे म्हणतात, फ्रेम करायला भिंत कुठून आणायची."

"म्हणजे त्या टिपा..."

"कोणत्या टिपा?"

टाकीच्या नळातून पाणी गळत होते. मला आठवते की मी ते बंद केले. त्या क्षणी जगात दुरुस्त करता येण्यासारखे तेवढेच होते.

"आणि आता प्रशिक्षण देणाऱ्या अत्तार मॅडमनी यादीत पाहिलं, सगळ्यांत जास्त बदल रेवती खोडकेचे," ती पुढे म्हणाली. "मला पुढं उभं करणार आहेत, 'पाठ कसा बदलावा' सांगायला. मी काय सांगू? हे बाहेर आलं तर माझंच नाही, अख्ख्या केंद्राचं प्रशिक्षण रद्द करतील. सर, असं करता का? आधी तुम्ही तुमचा पाठ घेऊन दाखवा. मी मागं बसून पाहीन आणि मग काहीतरी जमवीन."

मला नाही म्हणता आले नाही. मला ते कधीच आले नाही. शिवाय मनाच्या एका कोपऱ्यात मला वाटत होते की हे सारे तिच्या संकोचातून आले असेल. माझ्यासारखीच लाजरी असेल. चारचौघांत लिहिलेले शब्द कबूल करणे सर्वांनाच जमत नाही. माणूस किती वेळ स्वतःची समजूत घालू शकतो याला माप नाही.

सभागृहात अत्तार मॅडम वाट पाहत होत्या. प्रशिक्षणाच्या त्या मुख्य साधनव्यक्ती होत्या, उंच, खणखणीत आवाजाच्या आणि अतिशय प्रसन्न. मी प्रथम पाठ घेतो असे रेवतीने सुचवताच त्यांना ते फारच आवडले.

"वा! मूळ पाठ आणि मग बदललेला पाठ. तिसरीचा वर्ग हवा आपल्याला. चला, कोण कोण तिसरीत बसणार?"

शिक्षकांच्या प्रशिक्षणात ही जुनी रीत आहे: एकाने गुरुजी व्हायचे आणि बाकीच्यांनी मुले. पोक्त, संसारी माणसे क्षणात लहान होतात, आणि आयुष्यभर ज्या खोड्यांसाठी मुलांना रागावले त्या सर्व हौसेने करून घेतात. इंगोले सरांनी पहिल्या रांगेत मांडी ठोकली होती. त्यांच्या शेजारी ठेंगणी, पांढऱ्या केसांची एक बाई दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन शहाण्या मुलीसारखी बसली होती. याच बाजड बाई, हे मला ओळखपत्रावरून कळले.

"मुलांनो," मी म्हणालो, "आपल्यासमोर हे टेबल आहे. ते किती लांब आहे, असे तुम्हाला वाटते?"

"गुरुजी," इंगोले सरांनी करंगळी वर केली. "टेबल कोणाचं हाय?"

सगळे हसले. मीही हसण्याचा प्रयत्न केला. "टेबल शाळेचं आहे. आता आपण ते वितीने मोजू या. वीत म्हणजे काय, ते कोण सांगेल?"

"गुरुजी, हा माझ्या वितीला हात लावून राहिला!"

"गुरुजी, हिनं आधी लावला!"

"शांत बसा," मी म्हणालो.

आणि ते शांत बसले. मी काही रागाने बोललो नव्हतो. पण तो शब्द सभागृहात पडला आणि हसू जिथल्या तिथे विझले. समोर मोठी माणसे होती, तरी त्यांच्या चेहऱ्यांवर जे उतरले ते मला ओळखीचे होते. ते मी रोज पाहत असे.

मी पुढच्या पायरीकडे वळलो. एकेकाला बोलावले, टेबल मोजायला लावले, उत्तरे फळ्यावर लिहिली. बाजड बाई आल्या. त्यांचा हात इवलासा होता. टेबलाच्या काठावर पोहोचून त्या थांबल्या आणि लहान मुलीचा आवाज काढून म्हणाल्या, "गुरुजी, माझी वीत पुरत नाही."

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे वाक्य माझ्या पाठात होते. मीच लिहिले होते: "एखादी मुलगी म्हणेल की माझी वीत पुरत नाही. तिला थांबवू नका. विचारा: मग कोणाची पुरते?" त्या एका प्रश्नासाठी मी संपूर्ण पाठ लिहिला होता. बाजड बाई माझ्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत असे काही होते की जणू त्या मला हात पुढे करीत होत्या.

"ठीक आहे," मी म्हणालो. "जागेवर बसा. पुढचा या."

त्या जागेवर जाऊन बसल्या.

पाठ संपला तेव्हा टाळ्या झाल्या. शिक्षक टाळ्या वाजवायला कधी कचरत नाहीत. अत्तार मॅडम म्हणाल्या, "सुंदर मांडणी. आता खोडके मॅडम, तुमचा बदल."

रेवती उठली. तिचा चेहरा उतरला होता. टेबलाजवळ जाऊन ती क्षणभर नुसती उभी राहिली. मग तिने खांद्यावरची ओढणी काढली आणि एक टोक इंगोले सरांच्या अंगावर फेकले, दुसरे बाजड बाईंच्या.

"ए देवमन्या! पुष्पे! ही ओढणी किती वितीची? मोजा. आणि जो जिंकेल त्याची ओढणी."

"जिंकायचं म्हणजे कसं, बाई?"

"मला काय विचारतोस? मोज ना!"

इंगोले सरांनी आपल्या अजस्र हाताने ओढणी मोजली आणि आकडा ओरडून सांगितला. बाजड बाईंनी मोजली. त्यांचा आकडा कितीतरी मोठा आला. "म्या जिंकले!" त्या ओरडल्या. "लबाड हाय ही!" इंगोले सर ओरडले. मागच्या रांगेतले कोणीतरी मुलींच्या बाजूने उठले, मग कोणी मुलांच्या. अत्तार मॅडमसुद्धा खुर्ची सोडून पुढे आल्या. ओढणी ताणली जात होती. या गोंधळात इंगोले सर म्हणाले, "बाई, हिचा हातच लहान! हिची वीत खोटी हाय!" आणि बाजड बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "बाई, माझी वीत खोटी हाय का हो?"

रेवती खाली वाकली, त्यांच्या पांढऱ्या केसांजवळ तोंड नेऊन म्हणाली, "मग खरी कोणाची गं?"

सभागृह गप्प झाले. ही शांतता वेगळी होती. ती भरलेली होती. प्रत्येकजण आपल्या हाताकडे पाहत होता.

"पाहिलंत?" अत्तार मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "मूळ पाठातला प्रश्न त्यांनी किती नेमका जपला."

रेवतीने चमकून माझ्याकडे पाहिले. मॅडम काय म्हणताहेत हे तिला कळले नव्हते. तिने तो प्रश्न कुठे वाचला नव्हता. तो तिच्या तोंडून आला होता, जसा श्वास येतो. मी तो कंदिलाच्या काचेसारखा रात्री कितीतरी वेळ पुसून पुसून लिहिला होता, आणि हातात असून मला तो उचलता आला नव्हता. त्या वेळी मला एवढे स्पष्ट दिसले नाही. त्या वेळी सगळे एकमेकांत मिसळले होते: तो प्रश्न कोणाचा, तो पाठ कोणाचा, आणि ज्या बाईंसाठी मी लिहीत होतो त्या या खोलीत आहेत की नाहीत.

दुपारच्या जेवणाला मी ताट घेऊन आवारातल्या कडुलिंबाखाली बसलो. थोड्या वेळाने बाजड बाई आल्या आणि परवानगी न विचारता माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी पदराखालून एक डबा काढला.

"घरची चटणी हाय. इथलं जेवण म्हणजे आजाऱ्याचं. घ्या."

मी घेतली. मग मला जे विचारायचे होते ते मी विचारले, कारण त्यांच्याकडे पाहून विचारणे सोपे होते.

"बाई, पाठाखाली एकदा एक ओळ आली होती. 'हा पाठ लिहिणाऱ्याला पोरं ऐकू येतात.' ती कोणी लिहिली, ठाऊक आहे?"

"ते होय? म्याच लिहिलं." त्या सहज म्हणाल्या. "नातीनं मोबाईलवर लिहून दिलं, शब्द माझे."

तर ती तुम्ही, असे म्हणायला मी तोंड उघडले. पण त्या पुढे बोलतच होत्या.

"मी समद्यायच्याच पाठावर लिहिते काही ना काही. कोणाले लिहिते, 'मोत्यासारखं मन हाय'; कोणाले, 'असेच लिहीत जा'. सवय हाय, सर. वहीवर शेरा नसला तर पोरगं पुढचं पान लिहीत नाही. छत्तीस वर्सं तेच केलं. वाटलं, ही लिहिणारी लेकरंही कुठं कुठं एकटी बसून लिहीत असतील, त्यायलेही कोणी 'छान' म्हणावं."

"म्हणजे ते खरं नव्हतं?"

"खोटं कसं लिहीन? वाचलं तवा तसंच वाटलं मले." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ चटणीत फिरवला. "तुमच्या लिहिण्यातून पोरं ऐकू येतात."

मी ताट खाली ठेवले. मग सगळे सांगून टाकले. पुण्याची नोकरी, सोमवार, आणि आज कोणाला तरी विचारून ठरवायचे होते हे. रेवतीचे नाव मात्र घेतले नाही. "बाई, तुमचा अनुभव मोठा आहे. मी काय करू? राहू का?"

बाजड बाईंनी मान वळवून पलीकडे पाहिले. आवारात इंगोले सर ओढणीचे एक टोक अजून मागत होते आणि रेवती त्यांना म्हणत होती, "सर, तुम्ही हरलात, आता मोठे व्हा."

"सर," बाजड बाई म्हणाल्या, "तुमच्या वर्गात पोरं भांडतात का?"

"नाही," मी म्हणालो. "माझा वर्ग शांत असतो. ती कन्नड बोलणारी मुलं आहेत आणि..."

"आता तुमाले कन्नड येत नाही का?"

"येते. पण तिथे बेदाण्याच्या हंगामात..."

"बारा महिने हंगाम असतो का?"

मी खाली ठेवलेले ताट पुन्हा उचलले. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक चमचा चटणी वाढली, जशी रडणाऱ्या मुलाला आई काही न विचारता वाढते.

"बरं," त्या म्हणाल्या. मग उठताना माझ्या डोक्यावर हलकेच हात ठेवला. "लिहिणं सोडू नका, सर. लिहिणं अजिबात सोडू नका."

त्यांनी दुसरे काहीच म्हटले नाही. राहा म्हणाल्या नाहीत आणि जा म्हणाल्या नाहीत. त्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस रेंगाळलो. तो आशीर्वाद होता असे कधी वाटले, कधी सांत्वन. दयेचा तो एक प्रकार असावा, हेही एकदोनदा मनात आले आणि मी ते बाजूला सारले.

सोमवारी मी पुण्याला हजर झालो.

त्या गोष्टीला काही वर्षे झाली. कार्यालयात माझ्या टेबलाशी खिडकी आहे. काम नीट होते, वरिष्ठ समाधानी आहेत, आणि घरी आल्यावर मी अजूनही पाठ लिहितो. ते पाठसंग्रहात जातात आणि बदलून येतात, आता अनेक नावांनी. त्या नावांमागे कोण आणि किती जण आहेत हे मी शोधीत नाही. मध्ये एकदा सावंतवाडीच्या एका शाळेत तिसरीला तोच पाठ चालतो असे बहिणीने कळवले. तिच्या मुलीने वीत लहान म्हणून वर्गात भांडण केले होते.

लोक विचारतात, शाळा का सोडलीस? मी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी उत्तरे दिली. म्हणालो, घरापासून फार लांब होती. म्हणालो, भाषेची अडचण होती, उन्हाळा सोसत नव्हता, आईची प्रकृती बरी नसे, बदलीची आशा नव्हती. यातले एकही खोटे नाही. परवा एका नव्या सहकाऱ्याने तेच विचारले आणि मी ही यादी पुन्हा सुरू केली. उन्हाळ्यापर्यंत आलो आणि मला पुढे बोलवेना. तो वाट पाहत होता.

मला शिकवता येत नव्हते.